लोणारचा खार, पूर्णेचे पाणी

बुलढाणा जिल्ह्याचा इतिहास सांगायला बसले की सिंदखेडराजा येते, १२ जानेवारी १५९८ ला तिथे जन्मलेल्या जिजाऊ येतात. लोणारचे विवर येते, खामगावचा कापूसबाजार येतो, शेगाव येते. या साऱ्या ठिकाणच्या माणसांच्या अंगावरचे कपडे कोणी धुतले, कोणत्या पाण्यात आणि कशाने धुतले, हे मात्र कुठे येत नाही. इतर जिल्ह्यांत ही उणीव एक वेळ चालून जाईल. बुलढाण्यात चालत नाही. कपड्यांचा मळ काढणारा खार या जिल्ह्याच्या दक्षिणेला लोणारच्या काठावर शतकानुशतके आपोआप तयार होत आला, आणि साबणाला दाद न देणारे पाणी उत्तरेला पूर्णेच्या खोऱ्यात घरोघरच्या विहिरीत भरलेले आहे. मधल्या घाटाच्या वर आणि खाली राहणाऱ्या बायकांनी या दोन टोकांमध्ये रोजचे धुणे धुतले. जिल्ह्याच्या पाण्याची खरी परीक्षा त्यांच्या हातांनी केली, आणि पाण्याच्या प्रत्येक सरकारी योजनेत त्यांचा तो अनुभव हिशेबाबाहेर राहिला.

आधी लोणार. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलने ‘ऐन-ए-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याची नोंद केली, तेव्हा मेहकरजवळच्या लोणारबद्दल लिहिताना काच आणि साबण करायला लागणारे जिन्नस तिथे मिळतात, असे त्याने नमूद केले. आज आपण लोणारला जातो ते उल्का कुठे आदळली ते बघायला. अकबराच्या दरबाराला लोणार ठाऊक होते ते तिथल्या खारामुळे.

सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या त्या विवरात झऱ्यांचे आणि पावसाचे पाणी उतरते. बाहेर पडायला त्याला वाट नाही, जाते ते फक्त वाफ होऊन. काळ्या बेसॉल्ट खडकातून झिरपताना सोबत आणलेले क्षार मागे राहतात आणि वर्षानुवर्षे साचत जातात. त्यामुळे या पाण्याचा सामू दहाच्या आसपास असतो. उन्हाळ्यात पाणी मागे सरकले की काठावर पांढरा थर उघडा पडायचा. मजूर तो गोळा करत, वाळवत, प्रतवारी लावत. दल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की अशी त्या प्रतींची नावे जुन्या नोंदींत सापडतात. काचेच्या भट्टीला, साबण करणाऱ्यांच्या कढईला, कपडे धुणाऱ्यांना आणि पापडखारालाही हा माल लागे. १९१२ साली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या ला टूश आणि ख्रिस्टी यांनी विवराचे भूशास्त्र आणि त्यातला सोडा यांवर सविस्तर लिहिले. त्याआधी युरोपात सोड्याची इतकी टंचाई होती की १७९१ साली निकोला लब्लां याने मिठापासून सोडा करण्याच्या कृतीचे पेटंट घेतले. पुढे १८६१ साली सॉल्वेने त्याहून स्वस्त कृती काढली. तो कारखान्यातला सोडा जहाजांनी मुंबईला उतरू लागल्यावर लोणारच्या काठावरचा खार गोळा करणे हळूहळू परवडेनासे झाले. वऱ्हाडचा कापूस बाहेर गेला आणि गिरणीचे कापड परत आले, त्याचीच ही धाकटी आवृत्ती. तिची हळहळ कोणी केली नाही, कारण खार वापरणाऱ्यांना लिहिता येत नव्हते.

लोणारचा खार साऱ्या घरांपर्यंत पोचत होता असे नाही. सामान्य घराचा साबण चुलीतच तयार व्हायचा. पऱ्हाट्या आणि तुराट्या जाळून उरलेली राख भोकाच्या मडक्यात भरायची, वरून पाणी ओतायचे आणि खाली ठिबकणारे पिवळसर, बुळबुळीत पाणी धुण्याला घ्यायचे. रसायनशास्त्राच्या भाषेत ते पोटॅशियम कार्बोनेटचे द्रावण, म्हणजे लोणारच्या सोड्याचे सख्खे भावंड. रेशमी लुगडे किंवा शालू असेल तर रिठे भिजत घालायचे. रिठा मिळाला नाही तर माळावरच्या हिंगणबेटाच्या फळाचा गर चालायचा, त्यालाही फेस येतो. ज्या घरात साबणाची वडी कधी आली नाही, त्या घरातही कशाला काय लावायचे याचे पक्के शास्त्र होते आणि ते सासूकडून सुनेकडे तोंडी जात होते.

गावाच्या पातळीवर हे शास्त्र परटाकडे होते. वऱ्हाडात त्याला वरठीही म्हणतात. बारा बलुतेदारांपैकी तो एक. कपडे खाराच्या पाण्यात सौंदणीत भिजवायचे, भट्टीवर वाफवायचे, मग नदीच्या दगडावर आपटायचे. कोणाचे कोणते हे ओळखायला कापडाच्या कोपऱ्यात बिब्ब्याच्या रसाने खूण करायची. ती खूण कितीही धुतली तरी जात नाही आणि तिचा अर्थ फक्त त्या परटालाच कळतो. गावातली शंभर घरे अशी त्याच्या डोक्यात मांडलेली असत. बाळंतिणीचे कपडे, मयताच्या घरचे कपडे, ज्यांना घरचे लोकही हात लावायला धजत नसत, ते त्याच्याकडे जात. लग्नात वरातीपुढे पायघड्या घालायचा मानही त्याचाच. ज्याने धुतलेल्या कापडावर पाय ठेवून नवरदेव मांडवात येतो, त्याला मात्र पंगतीत शेवटी बसवायचे, ही गावाची रीत होती. तिची लाज वाटायला पुष्कळ वर्षे लागली.

त्या समाजातला सर्वांत मोठा माणूस शेजारच्या अमरावती जिल्ह्यात शेणगावला २३ फेब्रुवारी १८७६ रोजी जन्मला: डेबूजी झिंगराजी जाणोरकर, म्हणजे संत गाडगेबाबा. लोकांचा मळ काढण्याचे काम वाट्याला आलेल्या घरातला मुलगा हातात खराटा घेऊन गावेच्या गावे झाडत गेला, हे आपण भाषणांत अभिमानाने सांगतो. त्याच्या भाऊबंदांचा प्रश्न मात्र अजून फायलीत आहे. १९६० पूर्वी बुलढाणा आणि भंडारा या दोन जिल्ह्यांत धोबी समाजाला अनुसूचित जातीच्या सवलती होत्या, त्या परत मिळाव्यात आणि राज्यभर लागू व्हाव्यात, अशी या समाजाची दीर्घ काळची मागणी आहे. डॉ. दशरथ भांडे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने तिचा अभ्यासही केला. निर्णय काय व्हावा यावर मतभेद असू शकतात. प्रश्न इतकी वर्षे लोंबकळत ठेवणे याला मात्र कोणतेही समर्थन नाही.

परटाकडे कपडे जात ते बऱ्या घरांतले, नाहीतर सणासुदीचे. रोजचे धुणे घरच्या बाईचेच. पैनगंगा, नळगंगा, ज्ञानगंगा, विश्वगंगा, मन, मस, खडकपूर्णा या नद्यांची नावे मुलांना भूगोलात पाठ करावी लागतात. त्यांच्या आज्यांना त्या नद्यांतला प्रत्येक धुण्याचा दगड माहीत होता. कोणता दगड गुळगुळीत, कोणत्यावर लुगड्याचा काठ फाटतो, पाणी कुठे वाहते आणि कुठे डबके होते, हे सारे.

घटस्थापनेच्या आधीचा आठवडा आठवावा. घरातली एकूण एक गोष्ट धुवायची, असा दंडक. बैलगाडीत किंवा डोक्यावर गोधड्यांचा ढीग लादून बायका नदीवर येत. गोधडी म्हणजे जुन्या लुगड्यांचे सात-आठ थर एकावर एक शिवलेले. कोरडी असते तेव्हा पोरगेही उचलते. भिजली की तिचे वजन दोन बायकांना आवरत नाही. आधी ती पाण्यात सोडून पायाने तुडवायची. मग दगडावर पसरून सोड्याचे पाणी टाकायचे, मोगरीने धोपटायची, आणि वरच्या बाजूने धोपटून झाली की उलटवून पुन्हा. पहिल्यांदा काळे पाणी निघते, मग तपकिरी, मग राखी. पिळायच्या वेळी एकीने एक टोक धरायचे, दुसरीने दुसरे, आणि दोघींनी उलट्या दिशेने पीळ द्यायचा. ज्या दोघींचे घरी पटत नाही त्यांनाही इथे एकमेकींचा हात धरावाच लागतो. मग वाळूवर, खडकावर, काठच्या बाभळीवर गोधड्या पसरायच्या आणि त्या वाळेपर्यंत भाकरी सोडून बसायचे. बोलायला मोकळीक मिळे ती तेव्हा. सासरचा जाच, माहेरचा निरोप, अडलेले बाळंतपण, कोणाच्या घरात धान्य संपले, ही सारी बातमी या काठावर फिरे. नव्या सुनेला घराबाहेर पाऊल टाकायला मिळे ते दोनच कारणांनी, पाणी आणि धुणे. त्या कष्टांचे गोडवे गावेत असे मला वाटत नाही. कंबर मोडणारे काम होते ते. पण त्या कामात जी संगत होती ती बाथरूमच्या चार भिंतींत आली नाही, हेही खरे.

या काठावर सगळ्या सारख्या नव्हत्या. वरच्या अंगाला पिण्याचे पाणी, त्याखाली सवर्णांचे धुणे, त्याखाली गुरे, आणि त्याहीखाली ज्यांना गावाने शिवेबाहेर ठेवले त्यांची जागा. २० मार्च १९२७ ला महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ओंजळीत घेतलेले पाणी पिण्याचे होते. पण नदीच्या उतारावर धुण्याच्या दगडांचीही उतरंड होती, आणि खालच्या दगडावर येणाऱ्या पाण्यात वरच्या सगळ्यांचा मळ असे. घरातही तेच. सोवळ्याचे लुगडे उंच दांडीवर काठीने वाळत घालायचे, कोणाचा स्पर्श होता कामा नये. नुसत्या वाळत घातलेल्या कापडावरून घराची, जातीची आणि बाईच्या अवस्थेची कुंडली वाचता येत असे.

आता साबणाकडे येऊ. १८७० च्या मार्चमध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते खामगावचा रेल्वेफाटा आणि कापूसबाजार सुरू झाला. जलंब–खामगाव या छोट्या मार्गाने वऱ्हाडचा कापूस मुंबईमार्गे इंग्लंडच्या गिरण्यांकडे निघाला आणि परतीच्या डब्यांतून गिरणीचे कापड येऊ लागले. १८८८ साली सनलाइट साबण कलकत्त्याच्या बंदरात उतरला. पुढे कधीतरी साबणाची वडी याच मार्गाने खामगाव, मलकापूर, नांदुऱ्याच्या दुकानांत पोचली. पांढरे मांजरपाट आणि त्याला पांढरे ठेवणारा साबण ही जोडी होती. एक आले की दुसऱ्यावाचून चालत नव्हते.

घाटाखाली मात्र साबण हरला. शेगाव, नांदुरा, संग्रामपूर, जळगाव जामोद हा पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा. अकोला आणि अमरावतीपर्यंत पसरलेला हा पट्टा सुमारे ४,७०० चौरस किलोमीटरचा आहे. इथल्या विहिरीच्या पाण्यात क्षार इतके की साबण हातात झिजतो पण फेस येत नाही. पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाला पकडतात आणि त्याचा न विरघळणारा चोथा होतो. बादलीतले पाणी नासलेल्या दुधासारखे दिसू लागते. तो चोथा कापडाच्या विणीत बसतो, पांढरे धोतर पिवळट आणि राठ होते, वाळल्यावर उभे केले तर उभे राहील असे. घाटावरून या भागात दिलेल्या मुलीला हे पाणी पहिल्याच दिवशी कळे. माहेरी एका वडीत महिना निघायचा, इथे आठवडा निघत नाही, आणि वर दोष तिच्याच हाताला. यावर उतारा एकच होता, आधी पाण्यात धुण्याचा सोडा टाकायचा. सोडा त्या कॅल्शियमला तळाशी बसवतो, मग साबण काम करतो. म्हणजे घाटाखालच्या पाण्याचे औषध घाटावर लोणारच्या काठावर पडलेले होते. एकाच जिल्ह्यात आजार आणि उपाय दोन्ही होते. पण सोडा आता वाण्याच्या दुकानातून, परप्रांतातल्या कारखान्याचा म्हणून विकत घ्यावा लागत होता.

या पट्ट्यात खरी क्रांती केली ती पावडरीने. १९५९ मध्ये सर्फ भारतात आली. पण ती शहरातल्या पगारदारांची होती. १९६९ मध्ये अहमदाबादेत करसनभाई पटेलांनी निरमा सुरू केली. तिची किंमत सर्फच्या साधारण पाव. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत ती पिवळी पावडर खेड्यापाड्यांत पोचली. डिटर्जंटचे वैशिष्ट्य असे की कठीण पाण्यातही त्याचा चोथा होत नाही. ज्या बायकांनी जन्मात आपल्या विहिरीच्या पाण्याला फेस आलेला पाहिला नव्हता, त्यांच्या बादलीत तो पहिल्यांदा आला. शहरी लेखकांनी निरमाची जाहिरात आठवणींचा विषय केली. खारपाणपट्ट्यात ती सुटका होती. आणि त्या पिवळ्या पावडरीचा मोठा भाग होता सोडा अ‍ॅश, म्हणजे अबुल फजलने लोणारच्या नावावर लिहून ठेवलेलाच पदार्थ. आज खामगावच्या औद्योगिक वसाहतीत हिंदुस्थान युनिलिव्हरचा साबणाचा कारखाना आहे. तिथून ट्रक भरून साबण देशभर जातो आणि तासाभराच्या अंतरावर बोअरच्या पाण्यात साबणाला अजूनही फेस येत नाही.

सोबत नीळ होती, खळ होती, टिनोपॉल होते. गुरुजींचा पांढरा सदरा आणि वारीला निघणाऱ्याचे धोतर या दोन कपड्यांवर घरातली बाई जितकी नीळ सांभाळून टाकी तितके लक्ष तिने स्वतःच्या लुगड्याकडे कधी दिले नाही. टेरिकॉट आले आणि कापड तासाभरात वाळू लागले. वऱ्हाडच्या उन्हाळ्यात तसेही दुसरे टोक दोरीवर टाकेपर्यंत पहिले वाळते. अडचण पावसाळ्यात. मघा नक्षत्र लागले की चुलीवरच्या दांडीवर ओले कपडे, घरभर कुबट वास आणि शाळेच्या गणवेशाला धुराचा रंग.

वाळवण्यातली एक गोष्ट मात्र ऋतूची नाही. पाळीचे कापड दोरीवर कधी आले नाही. ते धुतले जायचे सगळे उठायच्या आधी, आणि वाळायचे पलंगाखाली, माळ्यावर, परकराच्या आत, जिथे ऊन पोचत नाही तिथे. ज्या जिल्ह्यात ऊन ही एकच गोष्ट फुकट आणि मुबलक आहे, तिथे ज्या कापडाला उन्हाची सर्वांत जास्त गरज होती त्यालाच ते नाकारले गेले. अर्धओले कापड पुन्हा वापरून झालेले आजार कोणत्याही नोंदवहीत सापडणार नाहीत. ८ मार्च २०१८ ला राज्य सरकारने अस्मिता योजना सुरू केली आणि जिल्हा परिषद शाळेतल्या मुलींना आठ पॅडचे पाकीट पाच रुपयांत देऊ केले. चांगलेच केले. पण पॅड न मिळाल्यास कापड उन्हात वाळवता आले पाहिजे, हे घरातल्या पुरुषांना सांगणारी योजना अजून निघालेली नाही.

आता नळ आला आहे, निदान कागदावर. १५ ऑगस्ट २०१९ ला जाहीर झालेल्या जलजीवन मिशनचे उद्दिष्ट माणशी रोज ५५ लिटर. पाच माणसांच्या घराला २७५ लिटर. त्यात पिणे, स्वयंपाक, आंघोळ, संडास, भांडी, आणि शेवटी धुणे. पूर्ण स्वयंचलित वॉशिंग मशीन एका फेरीला शंभर लिटरच्या आसपास पाणी घेते. म्हणून इथल्या घरांत मशीन आलेच तर ते दोन टबांचे, बादलीने पाणी ओतायचे. नळाला रोज पाणी नाही, आले तर दाब नाही. कपडे खळबळलेले शेवटचे पाणी बाजूला ठेवून त्यात पायपुसणी, मग त्याच पाण्याने संडास, हा हिशेब कोणत्याही अभियंत्याने शिकवलेला नाही. संग्रामपूर–जळगाव जामोदसाठी वान धरणावरून १४० गावांची योजना झाली. तिथेही नळाचे गोड पाणी पिण्याला राखायचे आणि धुणे बोअरवर काढायचे, हीच रीत. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बाईची रोजची २९९ मिनिटे त्यात जातात आणि घरकाम करणाऱ्या पुरुषाची ९७, असे दिसले. जिथे पाणी कठीण आहे तिथे यातला धुण्याचा वाटा किती वाढतो, हे कोणी मोजलेले नाही. मोजायला हवे.

या जिल्ह्याला पाण्याची जुनी समज आहे. सिंदखेडराजाचा मोती तलाव आणि पुतळा बारव पाहिली की लोक पाण्यापर्यंत कसे उतरतील, कुठे बसतील, याचा विचार बांधणाऱ्यांनी केला होता हे पायऱ्यांवरून दिसते. अलीकडे धरणातला गाळ काढून रस्त्यांच्या भरावाला वापरणारा ‘बुलढाणा पॅटर्न’ देशभर वाखाणला गेला. तलाव खोल झाले. पण त्या तलावांच्या काठावर कपडे धुवायला उतार, दगड, छप्पर आणि साबणाचे पाणी तलावात न जाता मुरेल असा शोषखड्डा, हे आराखड्यात नव्हते. म्हणून बाई चिखलात बसून धुते, फेस तलावात जातो, पाण्यावर शेवाळ धरते आणि मग काठावर ‘कपडे धुण्यास मनाई’ची पाटी लागते. मनाई करायला पाटी पुरते, सोय करायला घाट बांधावा लागतो. लोणारच्या सरोवराला २०२० मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला, तिथे ही काळजी घ्यायलाच हवी. पण तिथल्या बायकांना पर्यायी धुण्याची जागा देणे हा त्याच संरक्षणाचा भाग आहे, दया नव्हे.

खारपाणपट्ट्यातल्या प्रत्येक पाणीयोजनेच्या अंदाजपत्रकात धुण्याच्या पाण्याचे स्वतंत्र कलम असावे आणि विहिरीच्या पाण्याचा कठीणपणा गावाच्या फलकावर लिहिला जावा. प्रत्येक नव्या किंवा खोल केलेल्या तलावाला शोषखड्ड्यासह धुण्याचा घाट असावा आणि त्याची जागा गावातल्या बायकांनी ठरवावी. परटाचा धंदा करणाऱ्या घरांना त्या घाटावर भट्टी आणि इस्त्रीची जागा पहिल्यांदा मिळावी. यातल्या कशालाही नवा कायदा लागत नाही, मोठा पैसाही लागत नाही. पुढच्या ग्रामसभेत पाणीपुरवठ्याचा विषय निघेल तेव्हा अभियंत्याला विचारायचा पहिला प्रश्न टाकीच्या उंचीचा नसावा, या पाण्यात साबणाला फेस येतो का, हा असावा.